मेंढरांची ओवी

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि मला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, हृदयाचं ऑपरेशन साताऱ्याला करायचं ठरलं तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आमच्या माणदेशातल्या घरात मोठ्या कामाआधी पोथीचा कौल घेतात. डोळे मिटून पान उघडायचं, बोट टेकवायचं आणि त्या ओवीवरून काय ते ठरवायचं.

आबांचं बोट पडलं त्या ओवीत दिवस मावळला होता आणि मेंढक्यानं मेंढरं घराकडं वळवली होती.

"झालं, बोलावणं आलं," चुलती म्हणाली.

जन्मभर मेंढरं राखलेल्या आबांनी पोथी मिटली. "आता सातारला न्हाई जायाचं."

"आवं आबा," मी म्हणालो, "मेंढरं म्हंजे आपलं भटकं मन. ते माघारी आणा, एवढंच सांगितलंय."

"मनच म्हणायचं हुतं, तर मेंढरं कशाला लिवली रं?"

"तुमाला कळावं म्हणून."

ते हसले. "लय शिकलायस गड्या. चल, तू म्हंतोस म्हणून जातू."

ओव्यांचे असे आतले अर्थ मी कॉलेजात शिकलो होतो. खोटं काही सांगितलं नव्हतं. तरी साताऱ्याच्या दवाखान्यात आबांना आत नेलं आणि मला एका जागी बसवेना. चुलतीचा अर्थही त्याच ओवीत बसत होता. आबांना तो आधी पटला होता. मी माझा पुढे केला, कारण मला आबा हवे होते.

"बसा की जरा," नर्सबाई म्हणाल्या.

मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरलो.