हिराबाईंच्या रोपावर मारलेलं पाणी

गनमधून पाणी येण्याऐवजी उचक्या येत होत्या. एक फटकारा जोरात, मग नुसता फुसफुसाट, मग परत फटकारा. मी इंजिन बंद केलं.

"मिस्त्री, मशीन दमलं का तुमचं?" हिराबाईंनी गोठ्याच्या दारातून विचारलं.

"मशीन नाही दमलं, वहिनी. हवा ओढतंय."

"मग हवेनंच धुवा. तसंबी हितं पानी कुठाय?"

गुंजवण्याच्या अलीकडच्या एका वाडीतली ही गोष्ट. वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर मी एक पिकअप आणि पेट्रोलवर चालणारं प्रेशर वॉशर घेतलं होतं. भोर-वेल्ह्यातले पोल्ट्री शेड, गोठे, ट्रॅक्टर धुऊन द्यायचो. हिराबाईंची गाय आजाराने गेली होती. नवी आणण्याआधी गोठा कोपऱ्याकोपऱ्यातून धुऊन घ्या, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वाडीत नळाला पाणी नव्हतं, म्हणून टाकी पिकअपवर टाकून नेली होती.

लोकांना वाटतं, मशीन पाणी तयार करतं. मशीन फक्त पाणी ढकलतं. नळाचं पाणी स्वतःच्या जोराने मशीनपर्यंत येतं, टाकीचं येत नाही. म्हणून टाकी मशीनपेक्षा उंचावर हवी आणि मधला पाइप जाड, आखूड हवा. सुरू करण्याआधी गन उघडी धरून पाइपातली हवा काढून टाकायची. वाटेत एक जाळी असते, तिला फिल्टर म्हणतात. ती तुंबली की पंप उपाशी राहतो आणि हवा ओढू लागतो.

मी फिल्टर उघडला. जाळीवर पांढुरका गाळ होता. बोटांनी चोळला तर फेस झाला. कुणीतरी टाकीत साबण कालवला असेल, असं मी ठरवून टाकलं. जाळी धुतली, पाइप सरळ केला, काम पुढे चालू.

टाकी माझी नव्हती. माझ्या टाकीचा कॉक नसरापूरजवळ फुटला होता. कामथडीला ओळखीचे एक बागायतदार होते, त्यांच्याकडून मागून घेतली. ते घरी नव्हते. "शेडात हाय, न्या की," असं त्यांच्या घरातून सांगितलं. तळाला चार बोटं पाणी होतं. मी त्यावरच विहिरीचं पाणी भरून घेतलं. सबंध उन्हाळा टँकरची वाट बघत काढलेल्या मुलखात टाकीतलं पाणी कुणी ओतून देत नाही. मीही दिलं नाही.

गोठा स्वच्छ झाला. टाकीत थोडं पाणी उरलं होतं. गोठ्याला लागूनच हिराबाईंचा भाताच्या रोपाचा वाफा होता. पेरल्यावर पाऊस दडी मारून बसला होता आणि रोपं माना टाकत होती.

"मिस्त्री, उरल्यालं पानी माघारी नेता व्हय? माझ्या रोपावर मारा की. लेकरं तहानल्याली हाईत."

मी रुंद नोझल लावलं, जोर कमी केला आणि पावसासारखं बारीक पाणी सगळ्या वाफ्यावर मारलं. पानं चमकायला लागली. हिराबाईंनी मला बळंच दुसऱ्यांदा चहा पाजला.

संध्याकाळी टाकी परत द्यायला गेलो, तेव्हा बागायतदार घरी आले होते.

"अहो, आत तणनाशक होतं. बांधावर मारायला कालवलेलं. ओतून दिलंत ना?"

"ओतलं," मी म्हणालो.

ते औषध पानावर पडलं की भात आणि गवत असा भेद करत नाही. पण मुरायला त्याला वेळ लागतो. मी तेव्हाच फोन केला असता आणि हिराबाईंनी हंड्याने का होईना, पानं धुतली असती, तर काही रोप वाचलं असतं. नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. एवढ्या पाण्यात ते कितीसं उरलं असणार, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. त्या भागात माझं नाव चांगलं होतं आणि ते मला जपायचं होतं.

आठवड्याने नोझल विसरल्याचं निमित्त काढून गेलो. वाफा पिवळा पडला होता. शेंडे पेंढ्यासारखे वाळले होते. हिराबाई बांधावर उभ्या होत्या, समोर त्यांचे दीर दगडूभाऊ. दोघांची भाताची खाचरं शेजारी-शेजारी. दगडूभाऊंनी त्याच आठवड्यात आपल्या बांधावर गवताचं औषध मारलं होतं.

"वैनी, म्या माझ्या बांधावर मारलं. तुमच्या रोपावर कशापायी मारीन?"

"मग आभाळातनं पडलं व्हय? पोटात व्हतं ते बाहेर आलं तुमच्या!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुमी मशीनवालं. तुमीच सांगा. वाऱ्यानं औषिद हिकडं येतं का न्हाई?"

दगडूभाऊही माझ्याकडेच बघत होते.

"येऊ शकतं," मी म्हणालो.

शास्त्र म्हणून ते वाक्य खरं आहे. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

 लावणीच्या वेळी दगडूभाऊंनी आपल्या रोपातल्या जुड्या हिराबाईंच्या दारात आणून ठेवल्या. हिराबाईंनी त्या उचलून वाटेवर फेकल्या. त्यांचं खाचर त्या वर्षी तसंच पडून राहिलं. दोन्ही घरांना अंगण एकच, तिथे मधोमध काटेरी कुंपण आलं. हे सगळं मला दुसऱ्या गिऱ्हाइकांकडून कळत गेलं. मी त्या वाडीची कामं घेणं बंद केलं. पुढे मशीनही विकलं.

बरीच वर्षं गेली आणि गेल्या हिवाळ्यात दगडूभाऊ वारले. हिराबाई मातीला गेल्या नाहीत, असं ऐकलं. त्यानंतर मला घरात बसवेना. एसटीने गेलो आणि हिराबाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या शिव्या देतील, हाकलतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी एकच विचारलं.

"भाऊजींना ह्ये ठावं व्हतं?"

"नाही."

त्यांनी कुंपणाकडे बघितलं.

"त्या सालापासनं त्येंनी फवारायचा पंप हातात धरला न्हाई. म्हातारपणी वाकून वाकून इळ्यानं बांध कापायचे. मला वाटायचं, केल्यालं टोचतंय." मग म्हणाल्या, "म्हंजी त्येंनाबी खरंच वाटलं आसंल, आपल्याच हातनं झालं."

 मी वळसा घालून कुंपणापलीकडच्या दारात गेलो. दगडूभाऊंच्या बायकोने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

हा धंदा करणाऱ्यांना सांगतो. मागून आणलेली टाकी आधी उपडी करा, पाण्याची कितीही टंचाई असो. आणि चूक झालीच, तर त्याच संध्याकाळी फोन करा. संध्याकाळ उलटली की त्या फोनला काही अर्थ राहत नाही.