बैठकीतून उतरलेला पाइप

कोणा माणसाबद्दल लिहायचे तर लिहिणाऱ्याला तसा काही अधिकार हवा. माझ्याजवळ तो नाही. पारशिवनीजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराशिवाय सलग दोन पाने मी कधी लिहिलेली नाहीत. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. पण नागपुरातल्या माझ्या घरमालकांइतका नळाच्या पाण्यावर मनापासून रागावलेला माणूस सगळ्या विदर्भात झाला नसेल, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

त्यांना आम्ही काकाजी म्हणत असू. सगळा जन्म सरकारी कचेरीत गेल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट अडली की ती कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे, असेच त्यांना वाटे. भाजी शिजायला उशीर झाला तरी "कोणत्या टेबलावर अडकली?" असे ते काकूंना विचारत. पण त्यांचे खरे दुखणे होते गरम पाण्याचे. सोलरची टाकी गच्चीवर, न्हाणीघर खाली बैठकीच्या मागे, आणि पाइप बाहेरून सगळ्या घराला वळसा घालून येणारा. सकाळी नळ सोडला की पाइपात रात्रभर निजलेले गार पाणी आधी येई. त्याने बादली भरे, स्वयंपाकाचा मोठा गंज भरे, तेव्हा कुठे कोमट धार लागे. ते गार पाणी काकाजी वाया जाऊ देत नसत. त्यात भांडी निघत, फरशी पुसली जाई, आणि तरी उरले तर माझी आंघोळ होई. "तू गावचा पोरगा आहेस गा, तुले थंडी वाजत नाही," असे ते कौतुकाने म्हणत. मला वाजत असे.

हे सगळे हसण्यावारी गेले असते, पण काकूंच्या बोटांना संधिवात होता. हिवाळ्यात सकाळी गार पाण्यात हात गेला की दुपारपर्यंत त्यांना चहाचा कप धरता येत नसे. गीझरला त्यांचा साफ नकार, कारण पूर्वी एकदा पाणी तापवायच्या रॉडचा झटका बसला होता. दिवाळीला त्यांची मुलगी पुण्याहून आली, तिने आईचे हात पाहिले आणि सांगितले की संक्रांतीपर्यंत सोय झाली नाही तर मी आईला घेऊन जाईन. काकूंना जायचे नव्हते. गल्लीतले बुद्धविहार, तिथल्या मैत्रिणी, स्वतः पाणी मारून मारून पक्क्या केलेल्या घराच्या भिंती, हे सोडून त्या कुठे राहणार? काकाजी तडक गच्चीवर गेले.

पहिला उपाय म्हणून त्यांनी जाड पाइप बसवला. रस्ता रुंद केला की वाहतूक लवकर पोचते, असे त्यांचे मत. दुसऱ्या दिवशी बादली आणि गंजाऐवजी दोन बादल्या गार पाणी आले. काकाजी त्या दोन बादल्यांकडे पाहून म्हणाले, "स्टाफ जास्त भरला." मग त्यांनी पाइपाला जुने स्वेटर गुंडाळले, ते पुरले नाहीत तेव्हा स्वतःचा लग्नातला कोट चढवला. समोरच्या घरच्या आजोबांनी एका संध्याकाळी त्या कोटाला जयभीमही केला. पाणी थोडे सुधारले, पण काकूंच्या बोटांपुरते नाही.

शेवटी दोष वळणांचा ठरला. प्रत्येक वळण म्हणजे एक टेबल, आणि पाणी तिथे सही घेत बसते. त्यामुळे बारीक पाइप, आणि तोही सरळ. सरळ म्हणजे गच्चीतून माझ्या खोलीत, तिथून खाली बैठकीत आणि भिंतीतून न्हाणीघरात. काकाजी माझ्या खाटेवर येऊन बसले आणि भाडेकरूची रीतसर परवानगी मागितली. मी कसला नाही म्हणतो? त्या हिवाळ्यात पाइपाला पाठ टेकून मी सगळा अभ्यास केला. काकूंना मात्र टीव्हीशेजारी उभा राहिलेला तो पाइप पाहून घोर लागला. "पाहुणे आले तं काय सांगू जी?"

"सांग, वरून सरळ आदेश आला."

संक्रांतीला मुलगी आली आणि चप्पल काढून थेट न्हाणीघरात गेली. काकाजी दारात उभे राहून छताकडे पाहू लागले. तिने नळ सोडला. तांब्याभर पाणी गेले असेल नसेल, वाफ आली. काकूंनी धारेखाली दोन्ही हात धरले आणि बोटे उघडून मिटून पाहिली. मुलगी बैठकीत येऊन त्या पाइपाकडे पाहत राहिली. बाबा, किती वाईट दिसते हे, असे ती म्हणाली.

"दिसते ना," काकाजी म्हणाले. "पण तुही आई इथं राहते."

ती एकटीच पुण्याला परत गेली.

पुढे मी पदवीधर झालो आणि नोकरीसाठी दूर दक्षिणेत गेलो. फोनचा नंबर बदलला. त्यामुळे काकाजी गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांच्यामागचा पुण्यानुमोदनाचा विधीही होऊन गेला होता. मी काकूंना फोन लावला. आता मुलीकडे कधी जाणार, असे विचारले.

"पोरगी रोजच बोलावून राहिली," त्या म्हणाल्या. "पण काहून जाऊ गा? नळ सोडला का गरम पाणी येते."