मयतीच्या चालीवर वरात

ते गाणं रस्त्यावरनं वाजत आलं की मी दुकानाचं शटर खाली ओढतो. जालन्याच्या मस्तगडात माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान हाय. शेजारचे म्हणतात, ह्याचं डोकं फिरलंय. म्हणू द्या.

माझा बाप वाटूरकडच्या एका खेड्यात हलगी वाजवायचा. आबा म्हणायचो आम्ही. गावाला आमची आठवण दोनच टायमाला यायची, लग्न निघालं की आन मयत झाली की. मधल्या दिवसांत आम्ही जिते हाव का मेले, कुणी इचारत नव्हतं. लग्नाच्या चाली आबानं मला लहानपणीच शिकवल्या. मयतीची चाल मात्र मिसरूड फुटल्यावर, तीबी घरात न्हाई, लांब बांधावर नेऊन. तिचा एक कडक नियम होता. दारातून तिरडी उचलली की वाजवायला लागायचं आन सरणापर्यंत हात थांबू द्यायचा न्हाई. "मधीच थांबला तर जाणारा वाटंतच उभा राहतो," आबा म्हणायचा. हे त्याला बिलकुल खरं वाटायचं. मलाबी.

पुढं मी जालन्यात एका बेंजो पार्टीत लागलो. सीडीचा जमाना नवानवा आल्ता. एका अल्बमवाल्याला गावरान ठेका पाहिजे होता, म्हणून मला बोलावलं. खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, त्याला तो स्टुडिओ म्हणायचा. मी लग्नाच्या चार-पाच चाली वाजवल्या. गडी जांभया देऊन राह्यला होता. "भाऊ, हे तर सगळ्यांनी ऐकलंय. कुछ हटके दे ना. कव्हरवर तुझं नाव टाकतो."

माझ्या डोक्यात काय शेण भरलं होतं कुणास ठाऊक. नाव म्हणलं आन मी पाघळलो. मयतीची चाल वाजवली. कशाची हाय ते सांगितलं न्हाई, आन त्यानंबी इचारलं न्हाई. टाळीच वाजवली त्यानं. चाल कॉम्प्युटरात घातली, दुप्पट पळवली, खालून धाडधाड मशीनचा आवाज लावला आन वरून एका पोरीचा लाडिक गळा.

व्हिडिओ एका जिनिंगमध्ये काढला. कापसाच्या ढिगावर चमकीचे घागरे घातलेल्या पोरी, मुठीमुठीनं कापूस उधळायच्या. माझी हलगी काळी दिसती म्हणून मला थर्माकोलची रंगवलेली दिली. पडद्यावर मी एकदाच दिसतो, तेबी हात भलतीकडंच. कव्हरवर नाव आलंच न्हाई. मी कुणाला त्वांड वर करून इचारणार?

गाणं मात्र असलं चाललं की बस्स! त्या उन्हाळ्यात त्याच्याबिगर वरात निघंना. बँडवाले वाजवायचे, टेम्पोवरचे भोंगे वाजवायचे, शाळेच्या गॅदरिंगला पोरी नाचायच्या. पोरं व्हिडिओत बघून वरातीतबी कापूस उधळायची. नवरदेवाच्या फेट्यावर कापूस, घोड्याच्या पाठीवर कापूस.

आबाला एका लग्नात कळलं. पोरं त्याला म्हणली, "म्हातारबा, ते सीडीवालं येतं का?" आन टेम्पोवर लावून दाखवलं. आबानं थोडंसंच ऐकलं, हलगी खांद्याला अडकवली आन सरळ घरी निघून आला. मी सुट्टीला गेल्तो तवा त्यानं इचारलं, "कुणी दिली?"

"मीच, आबा."

वाटलं, कानाखाली वाजवंल. वाजवली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच बोलला, "लेका, आता मी मेलो तर लोकाला कसं कळंल, की हे मयत हाय?" त्या दिवसापासून त्यानं हलगी हातात धरली न्हाई.

दोन वर्षांनी ऐन कापूस येचणीत आबा गेला. चुलते म्हणाले, भजनी बोलवू, हलगी राहू दे. मी म्हणलं न्हाई. आबा त्याच्याच चालीवर जाईल. मला वाटलं, एवढं तरी निस्तरावं.

हलगी जाळावर शेकली आन तिरडीच्या पुढं निघालो. त्यानं शिकवली तशी, बराबर संथ. चौकाच्या वळणावर कापसानं भरलेला टेम्पो उभा होता, त्याच्यावर पोरं. तिरडी अजून वळणाच्या मागं, त्यांना दिसला फक्त मी. चाल ओळखून एकानं शिट्टी मारली. धपाधप उड्या टाकून पाच-सहा जण खाली आले आन हात वर करून नाचायला लागले. वरून कुणीतरी कापूस उधळला.

"मयत हाय रे! मयत हाय!" मी बोंबललो. कुणाला ऐकू जाणार? माझ्याच हलगीचा आवाज मोठा होता. हात थांबवला असता तर कळलं असतं त्यांना. पण थांबवू कसा? माझा बाप वाटंतच उभा राह्यला असता.

मंग तिरडी वळणावर आली. पोरांचे हात वरच्या वरच राह्यले. आबाच्या नाकात कापूस होता, आता अंगावरच्या पांढऱ्या कपड्यावरबी पडला. एक पोरगा रडकुंडीला येऊन माझ्याजवळ आला, "काका, आईची आन, आम्हाला वाटलं वरात हाय."

मान खाली घातली आन सरणापर्यंत वाजवत राह्यलो.