मेव्हिसची किटली

रॉस्को ऑल्बरीने इडेला पिंडरकडे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती कमरेपर्यंत त्याच्या कचऱ्याच्या पिंपात होती. तशी दोघांची घरं शेजारी शेजारी, दोघांचेही पणजोबा बहामाहून होडीने फ्लोरिडाच्या टोकाच्या या बेटावर आलेले. पण शेजाऱ्याकडे माणूस बघतो कुठे?

"काही हरवलं का, मिस इडेला?"

"माझं नाही, तुमचं." पिंपातून आधी मेयोनेजची बरणी बाहेर आली, मग अंड्यांचा पुठ्ठा, आणि शेवटी कॉफीची किटली. "ही चुकून पडलेली दिसते."

"चुकून नाही."

किटली मेव्हिसची. मेव्हिस म्हणजे रॉस्कोची बायको. ती वसंतात गेली. रोज सकाळी तिची किटली शेगडीवर खडखडायची. आता ती किटली नुसती दिसली तरी रॉस्कोला कॉफी जात नसे. इडेलाने हे सगळं ऐकून घेतलं, झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "बुडाला गंज नाही. शिंपले छान बसतील."

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ती हेच करी. टिश्यूचे खोके, जुने फोन, पाद्रीबाबांचा बंद पडलेला पंखा, सगळ्यांवर तिने शिंपले चढवले होते. तिच्या घरात बसण्याजोगी खुर्ची एकच, बाकीच्या टोचत.

पुढच्या आठवड्यात रॉस्को कुंपणाशी येऊन उभा राहिला. "मला ती घरात नको," तो म्हणाला. "पण कचऱ्यातही जायला नको होती."

"मग वाचनालयात जाईल."

शिंपल्यांच्या वार्षिक प्रदर्शनात जी वस्तू पहिली येई तिला वाचनालयातलं काचेचं कपाट वर्षभर मिळे, आणि रॉस्को रोज तिथेच पेपर वाचत बसे. इडेला आजवर एकदाही पहिली आली नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

इडेलाचा सगळा हिवाळा त्या किटलीत गेला. तोटीवर इवल्या गुलाबी शिंपल्यांची वेल चढली. मधोमध, तोंड बाहेर करून, एक मोठा काळापांढरा शंख बसला, भोवऱ्याच्या आकाराचा. त्याच्या पाठीला लागून मेव्हिसच्याच फुटलेल्या कपाचे निळे तुकडे. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री गोंद पक्का व्हावा म्हणून तिने किटली मागच्या पायरीवर वाऱ्याला ठेवली.

सकाळी चर्चच्या हॉलमध्ये परीक्षक होती थेल्मा लो. गेल्या वर्षी थेल्माच्या आरशावर एक गोगलगाय जिवंत निघाली होती. 'शंखात जीव असेल तर वस्तू बाद' हा नियम प्रदर्शनाच्या मंडळाला करायला लावणारी इडेला, आणि भर हॉलमध्ये उठून त्या आरशाकडे बोट दाखवणारीही इडेलाच. थेल्मा किटलीपाशी वाकली, चष्मा पुसला, पुन्हा वाकली.

"इडेला, हा शंख माझ्याकडे बघतोय."

शंखातून एक जांभळी नांगी बाहेर आली. दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करणारा जमिनीवरचा खेकडा होता तो. रात्री पायरी चढून आला असावा.

"चिकटवला तेव्हा रिकामा होता," रॉस्को म्हणाला. "मी स्वतः पाहिलाय."

"आता नाही ना. पण थांबू आपण, निघेल तो. मी काही इडेला नाही."

सगळे थांबले. कोणीतरी शेजारी तसाच दुसरा शंख आणून ठेवला. खेकडा अर्धा बाहेर आला, नव्या जागेत नांगी फिरवून पाहिली आणि परत आत गेला.

"सजवलेलं घर कोण सोडतंय," मागून एक बाई म्हणाली.

थेल्माने घड्याळ पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "शंखाची बाजू भिंतीकडे कर, इडेला. बाकी किटली पहिली येण्यासारखी आहे. मला काही दिसलं नाही."

इडेलाने किटलीला हात लावला नाही. "कपाटात गेला तर वाळून मरेल तो," ती रॉस्कोला म्हणाली. "शंख उपटला तर नक्षीत मधोमध भोक पडेल. किटली तुमची आहे."

रॉस्कोने खिशातून मासे साफ करायचा चाकू काढून तिच्या हातात दिला.

पहिल्या नंबरची निळी फीत दात घासायचे ब्रश ठेवायच्या एका भांड्याला मिळाली. खेकडा चर्चच्या पायऱ्या उतरून झुडपात गेला. त्याच्या घराच्या पाठीवर मेव्हिसच्या कपाचा एक निळा तुकडा तसाच राहिला होता. भोक पडलेली किटली रॉस्कोने काखेत मारली आणि घरी नेली. ती शेगडीवरच्या फळीवर आहे, आणि खाली तो नव्या किटलीत कॉफी करतो.

इडेला अजून पहिली आलेली नाही. मोठा शंख मिळाला की ती तो आधी काही दिवस मागच्या पायरीवर ठेवते. खेकड्यांनी नाकारलेलेच तेवढे चिकटवते.