रविवारच्या वर्गातले अर्जदार

नोकरी करत पदवी घेणाऱ्या प्रौढांना निबंधलेखन शिकवायला लागले आणि किस्से साठतच गेले. घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. एक रविवार नांदेडला, दुसरा लातूरला. विद्यार्थी चाळिशीचे, काही तर माझ्याहून मोठे!

*

कंधारचे एक एसटी कंडक्टर. पहिलाच निबंध 'माझी आई'. सुरुवात, 'विषय : आईबाबत.' पुढे, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, माझी आई अत्यंत प्रेमळ आहे.' शेवटी 'आपला विश्वासू' आणि खाली सही!

असं का, विचारलं. म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं नुसते अर्जच लिहून राहिलो. दुसरं लिहायचं काम कधी पडलंच न्हाई."

खरं सांगू? मला तो निबंध फार आवडला.

*

लातूरच्या वर्गात काका-पुतणे एकाच बाकावर. एकमेकांचे निबंध तपासायला सांगितले. काकांनी पुतण्याची वही लालेलाल केली. पुतण्या मात्र पेन धरून नुसताच बसलेला. थोरल्यांच्या वहीवर रेघ मारायची कशी? शेवटी त्यानं वेगळी चिठ्ठी लिहिली, 'तीन वाक्यं पुन्हा पाहिलीत तर बरं होईल. लहान तोंडी मोठा घास.'

काकांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि एकही वाक्य बदललं नाही!

*

मुखेडकडच्या शोभाताई अंगणवाडी सेविका. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसायला पदवी हवी, आणि पदवी अडली लेखनाच्या पेपरावर. दोनदा नापास. गाईडमधलं पाठ करून उतरवायच्या. मी म्हटलं, यंदा स्वतःचं लिहा, 'मी' म्हणून लिहा.

त्यांनी विचारलं, "कुणाच्या नावानं?"

गावातल्या निम्म्या बायकांचे अर्ज त्याच लिहून देत. 'मी' शेकडो वेळा लिहिलेलं, पण स्वतःसाठी एकदाही नाही. तेव्हापासून दर वर्गाला स्वतःबद्दल एक पान लिहून आणायचं ठरलं.

*

परीक्षेत विषय आला 'माझा संसार'. शोभाताई पास झाल्या, तेही चांगल्या मार्कांनी! पेढे घेऊन आल्या, सोबत नवरा. दर वर्गाला बायकोला मोटारसायकलवर आणून सोडणारा, पण वर्गात कधी न डोकावलेला. खुर्चीत अवघडून बसला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हिनं पेपरात माझ्याबद्दल काय लिव्हलंय?"

मी म्हटलं, पेपर तपासायला बाहेर जातात, मला माहीत नाही.

त्यानं बायकोकडं पाहिलं. शोभाताईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "जे हाय ते लिव्हलं. म्हणून तर पास झाले."