पिंजारणीची जर्मलची वाटी

त्या राती आमी येवढी जणं हुतो. माझा मालक. माझी सासू. थोरला दीर. मी. माझी लेक, सा म्हयन्यांची, अजून धड बसाय लागली नव्हती. दोन कुत्री. बिऱ्हाड वाहणारी पांढरी घोडी. आन आमची मेंढरं. मेंढरांस्नी जणांत कोण धरत न्हाई, पर मी धरती. आन येक बाई हुती. तिचं नाव मला ठावं न्हाई. हे समदं तिच्यापायी सांगती हाय.

मी शाळंत दुसरीपतूर गेले. हे मी बोलती आन सुट्टीला घरी आलेली माझी नात लिवती. ती मधीच शुद्ध कराय बघती. मी म्हणती, ऱ्हाऊ दे बाय, माझं तोंड हाय तसंच ऱ्हाऊ दे.

आमी माण तालुक्यातली धनगरं. दिवाळी सरली की तिकडं हिरवं काय उरायचं न्हाई. मग मेंढरं घिऊन आमी खाली कोकणाकडं निघायचो. वाटंत सातारा लागायचा. दिसा मेंढरं गावातनं न्यायची म्हंजी भांडण. कुणाच्या भाजीत तोंड घालतील, कोण गाडीखाली येईल. म्हणून मध्यान रात झाली, गाव निजलं, की आमी शिरायचो आन उजाडायच्या आत डोंगरातल्या बोगद्यातनं पल्याड निघायचो.

आन गाव जागं हुऊ ने म्हणून येक करायचो. म्होरच्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा असायची, घोडीच्या गळ्यात घुंगरमाळ. गावाच्या शिवंवर आलो की त्यांच्यात चिंध्यांचं बोळं कोंबायचो. ते काम माझं. मग येवढी जनावरं जायची, पर निस्ता खुरांचा आवाज. लांबनं कोण पाखडतंय असा.

लेक घोडीवर असायची. गोधड्यांच्या मधी खोपा करून पोरं बसवायची, संगं कोंबड्या, नवी कोकरं. आमची समदी पोरं अशीच वाढली.

त्या राती राजवाड्याच्या म्होरं वाट अडली. कोणाच्या लग्नाचा मांडव रस्त्यावर आलेला. मेंढरं भ्याली, गोळा झाली, मागं फिराय लागली. आमी चौघंबी त्यांच्यात अडकलो. ती सुदरली, चालू लागली, तवा मी बघितलं तर घोडी न्हाई. घोडी लय अंतरावर असली तरी आवाजानं कळती. पर माझ्याच हातानं मी तिच्या घुंगरांचं तोंड बांधलेलं. आता ऐकू तरी काय यावं?

सासू म्हणली, जनावर हाय, येईल. मालक मेंढरांमागं. मी पळाले.

किती बोळं हिंडले ठावं न्हाई. साताऱ्याचा गड डाव्या अंगाला काळा बसलेला, येवढंच कळत हुतं. आंधारात येका दगडी हौदापशी पायाला लोखंडी कडं लागलं, जनावर बांधायचं. अंगठ्याचं नख निघून आलं. मी खाली बसले आन वर बघितलं तर घोडी. हौदाला तोंड लावून उभी. पाठीवर लेक न्हाई.

समोर येका घराचं दार उघडं हुतं. आत दिवा. दिव्याच्या उजेडात कापूस उडत हुता, जसं धुकंच घरात शिरलंय. पिंजाऱ्याचं घर. थंडीचं दिस, गाद्यांचं काम रातचंबी चालायचं. पायरीवर येक बाई बसलेली. माझ्याहून दोन-चार वर्सांनी थोरली. डोक्यावरला पदर कापसानं पांढरा, भिवया पांढऱ्या. मांडीवर माझी लेक, आन ती तिला जर्मलच्या, म्हंजी अल्मिन्याच्या, वाटीतनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत हुती.

 तिनं इचारलं न्हाई, कुणाची, कुठली. लेक मिटक्या मारत हुती. मी पायरीवर टेकले. माझ्या अंगाला मेंढरांचा वास, तिच्या अंगाला कापूस. तिनं कापसाचाच बोळा माझ्या अंगठ्यावर दाबला आन पदराची कड फाडून बांधली. लांबनं मालकाची हाक आली. मी लेक घेतली. वाटीत दूध ऱ्हायलं हुतं. ती म्हणली, ने, वाटंत पाज.

मी म्हणलं, वाटी?

ती म्हणली, "परत येशील तवा आणून दे. म्हंजी पोरगी कशी हाय, ते मला कळंल."

मी व्हय म्हणलं. येवढंच आमचं बोलणं.

बोगद्यात शिरलो आन मी चिंध्या काढल्या. सगळी घंटा-घुंगरं येकदमच वाजाय लागली. बोगदा त्यो, येकाचं धा ऐकू यायचं. लेक त्या आवाजाला हसली. पैल्यांदा खदाखदा हसली ती तिथं.

पावसाच्या तोंडाला परत फिरलो तर दिरानं दुसरी वाट धरली, कऱ्हाडावरनं. बाईमाणसाच्या येका वाटीसाठी मेंढरं कोण वळवणार? म्होरल्या साली दुष्काळ. अर्धी मेंढरं बसल्या जागी गेली. त्याच्या म्होरल्या साली मालक घाटात तापानं गेला, तिथंच मूठमाती दिली. ऱ्हायलेली मेंढरं इकली. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, लेकीला आश्रमशाळंत घातलं. ती शिकली. सांगलीत नोकरी लागली, लगीन झालं, विश्रामबागेत घर केलं. मी तिच्यापाशी ऱ्हाती. दिस गेलं. सांगायसारखं त्यात काय न्हाई, सगळ्यांचंच जात्यात.

पर ती वाटी ऱ्हायली. तिच्यात मी कवा खाल्लं न्हाई, मीठ ठेवलं न्हाई. भांड्यावर नाव घालत्यात, तसं तिच्यावर नावबी नव्हतं. असतं तर सोपं झालं असतं.

नात साताऱ्याला कारखान्यात लागली. पोवई नाक्याच्या वर खोली घेतली, कामाला जायला बॅटरीची सायकल घेतली. औंदा मी तिच्याकडं गेले तवा वाटी संगं नेली. आमच्यात परत द्यायचं भांडं रिकामं देत न्हाईत. म्हणून माणातल्या आमच्या रानातली बाजरी तिच्यात भरली आन फडक्यात बांधली.

पैल्यांदा दिसाच गेलो, रिक्षानं. राजवाड्याच्या आजूबाजूला रिक्षावाला फिरवतोय आन मी खुळ्यागत बघती. समदी दुकानं, पाट्या, गाड्या. येक दगड वळखीचा लागंना. रिक्षावाल्यानं इचारलं, आज्जी, तवा तुमी कशा गेलाता? म्हणलं, घोडीच्या मागनं. त्यो म्हणला, "मग घोडीलाच इचारून या, मी हितं थांबतो." नात हसली. मीबी हसले, पर रातच्याला मला झोप आली न्हाई.

नातीलाबी आली नसावी. अंथरुणातनंच म्हणली, "आजे, आजच्या आधी तू सातारा दिसा बघितला हुतास कवा?"

म्हणलं, न्हाई. कवाच न्हाई.

ती उठली. चार्जिंगची पिन काढली. सायकलीच्या कॅरेजवर उशी ठेवून वढणीनं आवळली. म्हणली, चल.

आवं, काय सांगू तुमास्नी. मी जल्मात सायकलीवर बसले नव्हते. येका अंगाला पाय सोडून बसले, येक हात नातीच्या कंबरंला, येका हातात वाटी. सायकल निघाली ती आवाजच न्हाई. पायडल मारायचं न्हाई, धाप न्हाई. निस्तं चाकाखाली खडा चिरडला तर तेवढा आवाज. मला वाटलं, माझ्याच हातानं हिचंबी तोंड बांधलंय.

नात म्हणली, आजे, मेंढरागत अंगावर कलू नगंस, दोघी नाल्यात जाऊ.

रस्ता मोकळा. दुकानांची फाटकं वढलेली. मोती चौकात पेढ्यांची दुकानं बंद हुती, पर खव्याचा वास अजून तिथंच घुटमळत हुता, मालक गेला तरी कुत्रं दारात बसून ऱ्हातं तसा. कुठं येकादी खिडकी पिवळी. दिव्याखालनं गेलो की आमची सावली म्होरं पळायची, मग मागं पडायची. आन गड डाव्या अंगाला काळा बसलेला. त्याला मी लगीच वळखलं. दिसा त्यो नुस्ता डोंगूर वाटला हुता.

राजवाड्याम्होरं मांडव पडलाता, ती जागा मला अंगानंच कळली. रस्ता तिथं आवळतो. मी म्हणलं, थांब. रिक्षावाल्याचं खरं हाय, घोडीला इचारूया. त्या दिशी तिला पाणी दावलं नव्हतं. तानेलं जनावर चढाला जात न्हाई, उताराला जातं.

मग आमी असं केलं. नातीनं बॅटरी बंद केली. सायकल हळूहळू सरकू दिली. उजव्या अंगाला बोळ आला की हँडल सैल सोडायचं. चाक वळलं तर जायचं. पैल्या बोळात वळलो तर म्होरं भिंत. दुसऱ्यात चाक वळलंच न्हाई. तिसऱ्याला सायकल आपसुक वळली आन आमी खाली खाली जाऊ लागलो. वारा गार झाला. दोन्ही अंगाच्या भिंती जवळ आल्या. मला माझं वय आठवंना. मी पळती हाय का बसली हाय, कळंना.  डोळं मिटलं तर म्होरं पांढरी पाठ चाललीय, तिच्यावर गोधड्या हलत्यात.

सायकल सपाटीला आली आन थांबली. मी उतरले आन अंगठ्याला गार लागलं.

कडं. दगडातलं लोखंडी कडं. झिजून बांगडीयेवढं बारीक झालेलं, पर तेच. माझ्या अंगठ्याला अजून सरळ नख येत न्हाई, त्यो अंगठा बरुबर तिथं टेकला. हौद हुता. पाणी न्हाई, माती भरून कुणी जास्वंद लावलेली.

मी मागं फिरून समोर बघितलं. पायरी न्हाई. तीन मजली इमारत, खाली गाड्या लावलेल्या.

नातीला म्हणलं, सायकलीची घंटी वाजव. ती म्हणली, लोक उठतील. म्हणलं, उठू देत, येकदा गाव निजू दिलं आन काय झालं ते तुला ठावं हाय.

तिनं वाजवली. दोनदा. वरच्या खिडकीत दिवा लागला. येक म्हातारा वाकला. रागावला न्हाई. नातीनं समदं इचारलं. त्यो म्हणला, पिंजाऱ्यांची घरं हुती हितं, व्हय. मशीनच्या गाद्या आल्या आन काम बसलं. कोण मलकापूरला गेलं, कोण सांगलीला. तुमास्नी कोण पायजे? नाव काय?

नाव. मी वाटी वर धरून दावली. त्याला येवढ्या वरनं काय दिसणार? त्यो म्हणला, सकाळी या आज्जी, आन दिवा गेला.

सांगलीला. येवढी वर्सं मी सांगलीत. बाजारात, दवाखान्यात, बसला उभी असताना कवा शेजारी उभी असंल ती. आता भिवया खऱ्याच पांढऱ्या झाल्या असतील तिच्या.

नात हौदावर बसली. म्हणली, "आजे, वाटी हितंच ठेव. तुझं काम झालं."

म्हणलं, "ठेवून गेले तर पोरगी कशी हाय, ते तिला कळायचं न्हाई."

 सायकल हातानं वढत आमी चढ चढलो. वर आल्यावर खोलीकडं जायचं सोडून तिनं बोगद्याकडं तोंड केलं.  बॅटरीची येकच रेघ उरलेली. बोगद्यात शिरलो आन तिनं घंटी वाजवली ती पल्याड निघंस्तवर. येका घंटीच्या किती घंट्या झाल्या. मागनं मेंढरं येत असल्यागत वाटलं, मालक शीळ घालतोय असं वाटलं. मी मागं वळून बघितलं न्हाई. बघाय नसतंय अशा वक्ताला.

परत येताना बॅटरी सरली. नातीनं पायडल मारलं. मी उतरती म्हणलं तर म्हणली, बस गप, तू काय जड हायस का.

आता वाटी हितं सांगलीत माझ्या उशाला हाय. बाजरीला किडा लागू ने म्हणून कडुलिंबाचा पाला घातलाय.

वाचणाऱ्यांस्नी येवढंच इनवती. तुमच्या घरात साताऱ्याची कोण म्हातारी असंल, गाद्यावाल्यांच्यातली, आन ती धनगराच्या पोरीला दूध पाजल्याचं, दारात पांढरी घोडी आल्याचं कवा बोलली असंल, तर तिला सांगा. पोरगी चांगली हाय. शिकली. तिलाबी पोरगी हाय, ती राती सायकल चालवती आन भीत न्हाई. आन मी कुठं यायचं ते मला कळवा. वाटी मी माझ्या हातानं दीन.