राब कधी भाजला

तलासरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. माझ्या वह्या तारखांवर चालतात. पाड्यावरच्या बायकांना पाळीची तारीख विचारली की उत्तर शेतीच्या कामातून येतं. ते मी कॅलेंडरवर बसवते.

नोव्हेंबरअखेरीस डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई बाळंत झाली. मूल मेलेलंच आलं. मुलगी, वजन तेराशे ग्रॅम. माझ्या वहीप्रमाणे सव्वीस आठवडे. अठ्ठाविसाच्या आत असेल तर गर्भपात लिहायचा, पुढे असेल तर मृतजन्म. गर्भपाताची नोंद जन्ममृत्यूच्या दप्तरात होत नाही. मी गर्भपात लिहिला आणि पुढच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी गोळ्या द्यायला तिच्या घरी गेले.

"सिस्टर, माझी पोर लिहिली ना?" तिने विचारलं.

चुलीपाशी भाकरी थापणारी सासू म्हणाली, "पाचवी झाली नाय, नाव ठेवलं नाय. काय लिहिणार? माझी दोन अशीच गेली. मी कोणाला लिहायला लावली?"

"तुम्ही त्यांना मोजता का, मावशी?"

सासूने भाकरी तव्यावर टाकली. "मोजते. मनात."

"मग माझी वहीत मोजा," सून म्हणाली.

माणूस कुठल्या दिवसापासून धरायचा, हे मला ठरवता येत नव्हतं. पण ते तेराशे ग्रॅम कालपासून खटकत होते. सव्वीस आठवड्यांचं मूल एवढं भरत नाही.

"शेवटची पाळी कधी म्हणालीस?"

"राब भाजला त्या आठवड्यात."

भाताची रोपं करायची जमीन आधी पालापाचोळा घालून भाजतात, तो राब. "म्हणजे मेअखेर," मी म्हणाले.

सासू हसली. "मेअखेर तुमच्या वाणगावात. आमचा अक्षय तृतीयेच्या आधीच झाला. तुमची वाट बघत बसलो तर पाऊसच विझवेल."

माहेरचा राब मी अख्ख्या तालुक्याला लावला होता. ओट्यावर बसून पुन्हा मोजलं: तीस आठवडे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना वजन आणि हिशोब दाखवला, जुन्या नोंदीवर रेघ मारून कारण लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. खरोखर सव्वीसच निघाले असते तर मी गर्भपातच ठेवला असता, आणि तरी पोर तितकीच तिची असती. हे मला अजून नीट पचलेलं नाही.

फॉर्म घेऊन पुन्हा त्या बाईच्या घरी गेले आणि तिला वाचून दाखवला. मृतजन्म, मुलगी, आईचं नाव, बापाचं नाव.

"तिचं नाव?"

"त्याला जागा नाही गं."

ती फॉर्मजवळ सरकली. "मुलगी कुठं लिहिलंय, ते दाखवा."

मी तिचं बोट त्या शब्दावर ठेवलं. सासू पिठाचे हात पुसत बघायला आली.